वरच्या कोपऱ्यातलं नाव

वाशिंद स्टेशनच्या पुलाला लागून आदेशचा सायबर कॅफे होता. तिथल्या भिंतीकडच्या खुर्चीत बसून अनिता नेहमीप्रमाणे पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात आपलं नाव येण्याची वाट बघत होती, आणि ते आलं नाही. त्याऐवजी एक पिवळी चौकट आली. चौकटीत इंग्रजीत दोनच ओळी होत्या. इंग्रजी तिला चांगलं येत होतं, त्याच्यावरच तर तिची कमाई चालली होती. तरी तिने त्या ओळी पुन्हापुन्हा वाचल्या. खातं बंद ठेवण्यात आलं आहे. तुम्ही म्हणजे तुम्हीच आहात याचा पुरावा पाठवा. बाजूच्या खुर्चीवर कॉलेजातली दोन पोरं गाडीच्या शर्यतीचा खेळ खेळत होती आणि त्यांच्या गाड्या धडाधड आपटत होत्या. डोक्यावरचा पंखा एका बाजूला झुकून फिरत होता. सगळं कालच्यासारखंच होतं. फक्त वरचा उजवा कोपरा रिकामा होता, आणि तो रिकामा कोपरा बघून तिला जे वाईट वाटलं ते पैशांसाठी नव्हतं, हे तिला तिथल्या तिथे कळलं आणि त्याची लाजही वाटली.

त्या कोपऱ्यात रोज एवढंच येई: हॅलो, माधुरी. मशीनच ते, कुणालाही हॅलो म्हणणार. पण दोन वर्षं झाली, घरातली भांडी घासून, अक्षयला शाळेत पाठवून, वाल्मिकचा डबा भरून ती पुलाखाली यायची, पासवर्ड टाकायची, आणि तो हॅलो एकदा वाचल्यावर मगच कामाला लागायची. काम होतं औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या कागदाचं. कुठल्याशा परदेशी कंपनीकडून तो मजकूर यायचा आणि तिने तो मराठीत करून द्यायचा. जेवणानंतर घ्यावे. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. चक्कर येत असल्यास वाहन चालवू नये. मुरबाडच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. केलं त्याचा हा एवढा उपयोग. त्याचे पैसे त्या इंटरनेटवरच्या खात्यात येऊन पडायचे, आणि पाहिजे तेव्हा तिथून आपल्या बँकेत ओढून घ्यायचे, असा तो कारभार होता. तिने कधी ओढलेच नव्हते. आदेशने एकदोनदा म्हटलं होतं, वहिनी, काढा ना, तिथं काय व्याज मिळतंय का. ती हसून सोडून द्यायची. पण दिवाळीनंतर वाल्मिकची कंपनी बंद पडली, गेटवर नोटीस लागली, आणि तो सकाळी डबा न घेता घरात बसायला लागला, तेव्हा ती आपणहून म्हणाली, माझे आहेत थोडे. मग तिने परवाच बँकेचा खातेनंबर त्या खात्याला जोडला होता, आणि बँकेत तिचं नाव अनिता वाल्मिक पष्टे होतं.

"नाव मॅच होत नाय बोलतंय," आदेश तिच्या खुर्चीमागे उभा राहून वाचत म्हणाला. "बँकेत तुमी अनिता पष्टे. आन् हितं कोन तरी माधुरी देसले. ही कोन, वहिनी?"

"चुकून पडलं असेल," अनिता म्हणाली.

आदेश चांगला माणूस. चुकून आख्खं नाव आणि आडनाव कसं पडेल, हे त्याने विचारलं नाही. त्या खातेवाल्या कंपनीला कसं लिहायचं, कागद स्कॅन करून कुठे पाठवायचे, ते त्याने समजावून सांगितलं आणि अर्ध्या तासाचे पैसे घेतले नाहीत. ती पुलावरून पलीकडे उतरली, नव्या बिल्डिंगांच्या मधून, भाजीवालीसमोरून, गिरणीच्या पिठाच्या वासातून घराकडे चालत राहिली, आणि सगळ्या वाटेभर तिला एकच शब्द टोचत होता. चुकून. आपण त्या पोरीला, माधुरीला, ओळख दाखवली नाही. रस्त्यात माहेरचं माणूस दिसावं आणि बरोबर बड्या घरच्या बायका आहेत म्हणून तोंड फिरवावं, तसं केलं आपण. आणि तेही कुणासमोर, तर आदेशसमोर.

तिचं नाव बदललं ते शहापुरात, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. सासरचं घर तेव्हा तिथंच होतं, वाशिंदला ते नंतर आले. पाटावर ती बसलेली, अंगावर हळदीचा आणि नव्या साडीच्या कांजीचा वास, समोर ताटात तांदूळ पसरलेले. वाल्मिकने बोटातली अंगठी काढली आणि तिच्या कडेने तांदळात नाव लिहायला घेतलं. तिला वरून उलटं दिसत होतं. पहिलं अक्षर 'अ' आहे एवढं कळलं आणि तिला वाटलं, आता ही गंमत असणार, आता हा पुसून नीट लिहील. तो अगदी मन लावून लिहीत होता, वेलांटी आली तेव्हा त्याने जीभ दातात धरली होती. सासू, रंभाबाई, मागून म्हणाल्या, "चांगलं हाय ना गो नाव? घरात एक माधुरी हाय आमची. दोन दोन माधुऱ्या कशा करायच्या, हाक मारली का दोघी धावायच्या." सगळ्या बायका हसल्या. तीही हसली. कारण साधंच होतं, कुणाचा काही वाईट हेतू नव्हता, आणि तिथेच ते दुखणं होतं. रागवायला कुणी सापडत नव्हतं. ती माधुरी, म्हणजे नणंद, तेव्हा दहावीत होती, दोन वेण्या घालायची, आणि तिनेच पेढ्यांचं ताट फिरवत सगळ्यांना सांगितलं, आमच्या वहिनीचं नाव अनिता. संध्याकाळी ताटातले तांदूळ डब्यात परत ओतले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला असणार, आणि आपणही तो जेवलो असणार, असं अनिताला पुढे कितीतरी वेळा वाटलं होतं.

पहिलं वर्ष फार जड गेलं. सासूने पडवीतून हाक मारली, "माधुरी," की हातातलं काम टाकून ही उठायची. चुलीपाशी भाकरी भाजताना, न्हाणीत केस पुसताना, एकदा तर तापाने फणफणलेली असताना, ती उठून दारापर्यंत जायची, आणि सासू म्हणायची, "तुला नाय गो, माधुरीला." नणंद फिदीफिदी हसायची. शेजारच्या बायकांना तो एक खेळच झाला होता. मुद्दाम मोठ्याने माधुरी म्हणायचं आणि नवी सून दचकते का बघायचं. मग तिने आपल्याला शिकवलं. हाक आली की दात घट्ट मिटायचे आणि जे काम हातात आहे तिकडे बघत राहायचं. पिठाचा गोळा असेल तर गोळा, साडीचा पदर असेल तर पदर. मान वळवायची नाही. कुणाला कळलंही नाही, पण एवढी मेहनत तिने बी.ए.च्या परीक्षेलाही घेतली नव्हती. पावसाळा संपता संपता ती हाक तिच्या अंगावरून जायला लागली, पलीकडच्या आळीतून कुणी कुणाला बोलवावं तशी. सासू खूश होती. सून रुळली, म्हणायची. आणि ज्या माधुरीसाठी एवढी जागा मोकळी करून दिली, तीही लग्न होऊन शेणव्याला गेली आणि तिथल्या ताटात वैष्णवी झाली. मग त्या घरात एकही माधुरी उरली नाही. तरी नाव परत द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि मागायचं तिला सुचलं नाही. काय म्हणून मागायचं? वाटी असते तर मागितली असती.

तसं बघायला गेलं तर अनिता म्हणूनही तिला कुणी फारसं हाक मारत नव्हतं. वाल्मिक 'अगं' म्हणायचा. गर्दीत, बाजारात, जिथे 'अगं' म्हटल्यावर दहा बायका वळतील तिथेच फक्त तो अनिता म्हणायचा. बाकी वहिनी, मम्मी, अक्षयची मम्मी, दुसऱ्या मजल्यावरच्या पष्टेबाई. अशी माणसाची सगळी नावं दुसऱ्या कुणाकुणाच्या खुंटीला टांगलेली असली तरी दिवस जातात, चांगले जातात. तिचा नवरा दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, पगार आणून हातात देत होता. बायका म्हणत, तुझं नशीब. तिलाही ते पटायचं. फक्त कधीतरी दुपारी घर रिकामं असलं, खिडकीतून मालगाडीचा लांबलचक आवाज येत असला, की तिला वाटायचं आपण कुठेतरी कुणालातरी उभं करून आलो आहोत. थांब हं, आलेच, असं सांगून. आणि मग तो दिवस आला, ज्या दिवशी आदेशने खातं उघडून दिलं आणि पडद्यावर एक रिकामी चौकट आली. चौकटीशेजारी लिहिलं होतं, तुमचं नाव. आदेश दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. त्या चौकटीत ती काडी लुकलुकत उभी होती, लिहा, लिहा म्हणत. तिची बोटं आपोआप चालली. एम, ए, डी. कुणी हसलं नाही. कुणी म्हटलं नाही की तुला नाय गो. उलट पुढच्याच क्षणी पडदा म्हणाला, हॅलो, माधुरी, आणि तिने खुर्चीचा हात धरून ठेवला.

रात्री जेवताना तिने वाल्मिकला सांगितलं. सांगणं भागच होतं, त्या पैशांवर पुढचे दोन महिने काढायचे ठरलं होतं. खातं अडकलंय, ती म्हणाली, नावात फरक आहे. मी लग्नाआधीचं नाव टाकलं होतं.

"कोनतं?"

"माधुरी."

वाल्मिकचा घास हातात राहिला. "आपली माधुरी? तिचा काय संबंध हितं?"

"आपली नाही. मी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तो रागावला नव्हता, तिने त्याचा चेहरा चांगला न्याहाळला. खिशात हात घालावा आणि ठेवलेली वस्तू तिथे नसावी, तसा तो दिसत होता. "हां," तो थोड्या वेळाने म्हणाला. "ते हाय. तुझं ते होतं ना." आणि मग, "डाळ वाढ जरा." अक्षयने टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, मम्मी, तुझं नाव माधुरी होतं? आणि उत्तराची वाट न बघता तो परत मॅच बघायला लागला. त्या रात्री तिला झोप लागली, अगदी चांगली लागली, आणि याचंच सकाळी तिला नवल वाटलं.

खातेवाल्या कंपनीचं उत्तर आलं त्यात सगळं स्पष्ट होतं. मेलची सुरुवात होती, डिअर माधुरी. तुम्ही माधुरी आहात याची आम्हाला खात्री करता आलेली नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र आणि जुन्या नावाचा दाखला पाठवा. तो मिळाल्यावर खात्यावरचं नाव बँकेतल्या नावाप्रमाणे बदलण्यात येईल आणि खातं पूर्ववत सुरू होईल. नाहीतर कायमचं बंद. कुणीतरी स्टीव्हन म्हणून खाली सही होती. तिने आदेशला विचारलं, नाव तेच ठेवून नाही का उघडता येणार? आदेश म्हणाला, मग बँकेतलं बदलावं लागेल, रेशनकार्ड, पोराच्या शाळेतलं, सगळंच. "आन् कशाला पायजे, वहिनी? चुकूनच पडलंय ना?" म्हणजे सरळ गोष्ट होती. खातं हवं तर माधुरी जाणार, आणि माधुरी हवी तर खातंच राहणार नाही, म्हणजे तीही नाहीच. तिला हसू आलं. त्या कोपऱ्यात परत एकदा हॅलो येईल, पण तो अनिताला असेल, आणि अनिताला हॅलो म्हणणारं दार उघडण्यासाठी सकाळी एवढ्या घाईने पूल ओलांडून कोण येणार आहे?

दाखल्यासाठी ती माहेरी गेली. माहेर म्हसा गावाजवळच, तिथली पौषातली जत्रा चालू होती म्हणून घरात पाहुणे होते आणि कुणी विचारलं नाही की मध्येच कशी आलीस. भाऊ मनोज शाळेतून दाखल्याची नक्कल आणायला गेला. ती आईबरोबर, बाईजाबरोबर, जत्रेत निघाली. घोंगड्यांचे ढीग, पाळण्यांचा करकराट, भज्यांच्या तेलाचा वास, आणि त्यापलीकडे माळावर बैलच बैल. शिंगं रंगवलेली, पाठीवर गुलाल. लहानपणी बाबाने इथेच आपला पाखऱ्या बैल विकला होता. आठवण अशी की तिने नुसते डोळे मिटले तरी बाबाचा तो मुंडाशाखालचा चेहरा दिसला. सौदा झाला, दोर दुसऱ्याच्या हातात गेला, आणि मग बाबा, लडकू देसले, जो घरात चार शब्द बोलायचा नाही, तो त्या घेणाऱ्याच्या मागे मागे माळाच्या टोकापर्यंत चालत गेला आणि सांगत राहिला, पाखऱ्या म्हनायचं, दुसरं काय नाव ठेवू नका, हाक नाय ओळखायचा, बुजंल. तो माणूस हो हो म्हणत होता. ती आठ-नऊ वर्षांची, बाबाचं धोतर धरून. तिच्या लग्नात पाठवणीच्या वेळी बाबा जिपच्या मागे आला होता का? आला असेल. त्याने कुणाला काही सांगितलं होतं का, ते तिला कितीही आठवलं तरी आठवेना. आता बाबा नव्हता, विचारायची सोय नव्हती. जत्रेत बांगड्यांच्या दुकानापाशी ती एकाएकी थांबली आणि आईला म्हणाली, "आये, मला एकदा जुन्या नावानं हाक मार ना."

बाईजाने बांगडी खाली ठेवली. "कशाला गो?"

"अशीच. किती वर्षांत मारली नाहीस."

"नाय मारायची. लग्न झालेल्या पोरीला जुन्या नावानं बोलावलं का ती मागं फिरते. नांदत नाय मग." बाईजा हे इतक्या साधेपणाने म्हणाली, जसं भिजलेल्या अंगाने वाऱ्यात बसू नये. "तुझी मावशी माघारी आली ती कशानं? माझ्या आयशीला सवय सुटली नव्हती. रोज परड्यात हुबी राहून म्हनायची, मंगळे, मंगळे. तुझं नाव माझ्या तोंडात येतं ना, तर मी पानाची पिचकारी टाकते, गिळते नाय आन् बोलते पन नाय. तुझा संसार राहिला ना चांगला? मंग?"

अनिता आईच्या तोंडाकडे बघत राहिली. सुरकुतलेले, पानाने रंगलेले ओठ. म्हणजे येत होतं. इतकी वर्षं आईच्या तोंडापर्यंत येत होतं आणि ती ते थुंकून टाकत होती, मुलीच्या भल्यासाठी. तिला आईला मिठी मारावीशी वाटली आणि तिथून पळून जावंसंही वाटलं. दोन्हीतलं काही न करता तिने हिरव्या बांगड्या घेतल्या. परत येताना बैलबाजारातून कुणीतरी कुणाला तरी लांबून हाका मारत होतं, बाईचा आवाज होता, पण पिपाण्यांच्या गोंगाटात नाव कळलं नाही. ती थांबून कान देऊन ऐकत राहिली, तोवर आई पुढे जाऊन वळून म्हणाली, चल ना बाय.

शहापूरच्या कोर्टाच्या आवारात झाडाखाली टायपिस्ट बसतात, त्यातल्या एकापुढे दोन स्टुलांवर ती आणि वाल्मिक बसले. वाल्मिकच्या असण्याची तशी गरज नव्हती, पण कंपनी बंद, घरात बसून काय करू, म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. टायपिस्ट चष्मा कपाळावर चढवून एकेक शब्द बोलत टाइप करत होता. मी, खाली सही करणार, अनिता वाल्मिक पष्टे. मग तिच्याकडे न बघता वाल्मिकला विचारलं, "मिसेसचं लग्नाआधीचं नाव?"

दाखला तिच्या पिशवीत होता. काढून दिला असता तर झालं असतं. पण तिचा हात पिशवीच्या चेनवर थांबला. तिला कळलं की आपल्याला बघायचं आहे. नाव तो सांगणार, त्याला माहीत आहे, परवाच तर बोलणं झालं. तिला बघायचं होतं ते कसं सांगतो. समोरच्या झाडावरून वाळलेलं पान टायपिस्टच्या कागदावर पडलं आणि त्याने ते फुंकर मारून उडवलं. वाल्मिकने घसा साफ केला. "माधुरी," तो म्हणाला, आणि थांबला. मग जरा हळू, "माधुरी लडकू देसले." बहिणीला हाक मारताना त्याचा आवाज वर चढायचा, शेवटचं अक्षर तो लांबवायचा. हे तसं नव्हतं. नव्या चपलेत पहिल्यांदा पाय घालावा तसं त्याने ते नाव उच्चारलं. तिने मान खाली घातली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते टायपिस्टने बघू नये असं तिला वाटत होतं.

"सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून," टायपिस्ट बोलत होता, "ती मी स्वतःच आहे. हे मी सत्यप्रतिज्ञेवर सांगत आहे. करा सही." पेन घेऊन ती थबकली. एकच असून. या वाक्यावर शपथ घ्यायची होती. एक मुलगी मुरबाडच्या कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून चिंचा खात होती, मोठ्याने हसायची, वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करायची, आणि एक बाई चक्कर येत असल्यास वाहन चालवू नये असं लिहून घरी जाऊन भात टाकायची. एकच असून? तिने सही केली. अनिता पष्टे. जुनी सही कशी करायची ते ती विसरली होती, पण ती कुणी मागितलीच नाही. शेजारच्या नोटरी वकिलाने बाकड्यावर बसल्या बसल्या शिक्का मारला.

एसटी स्टँडवर ऊन होतं. वाशिंदची गाडी लागायची होती. वाल्मिक म्हणाला, तू सावलीत थांब, मी जागा धरतो, आणि तो गाड्या उभ्या राहतात तिकडे गेला. ती उसाच्या रसाच्या गाडीशेजारी खांबाला टेकून उभी राहिली. चरकाच्या घुंगरांचा आवाज येत होता. रसवाल्याच्या टेबलावर माशा बसत होत्या, तो फडक्याने झटकायचा, परत बसायच्या. हातात कागद ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी, नव्या बांगड्या, आणि मनात एक मोकळीशी जागा, दुखरी, पण मोकळी. त्याने ते नाव किती जपून घेतलं होतं तोंडात. तिला वाटलं, रात्री त्याला सांगावं. त्या कोपऱ्याबद्दल, त्या हॅलोबद्दल, सगळंच. हसला तर हसू दे. सांगितलं तर बरं वाटेल. कदाचित तो एखाद्या वेळी, घरात कुणी नसताना, त्या नावाने. तेवढं जरी.

"माधुरी," कुणीतरी लांबून हाक मारली.

पुरुषाचा आवाज. स्टँडवरच्या कलकलाटात नीटसा कळला नाही. तिचे दात आपोआप मिटले आणि ती बांगड्यांकडे बघायला लागली. परत आली, आता जरा मोठ्याने, माधुरी, आणि त्या आवाजात काय होतं कोण जाणे, जरासा लाजलेला, जरासा मजेत आलेला, की तिला त्या बाईचा हेवा वाटला. कोण असेल ही? तिने हळूच इकडेतिकडे पाहिलं. भाजीची टोपली घेतलेली एक म्हातारी. लेकराला पाणी पाजणारी एक बाई, कॉलेजच्या दोन मुली. कुणीच वळत नव्हतं. काय बाई आहे, अनिताला वाटलं, माणूस एवढ्या मायेने बोलावतो आहे आणि ही उभी आपल्याच नादात. तिला त्या अनोळखी बाईचा रागसुद्धा आला. घुंगरं वाजत होती. थोडा वेळ काहीच नाही. मग तोच आवाज आला, आता रोजचा, सपाट.

"अनिता."

ती चटकन वळली. गाडीच्या दारात एक पाय ठेवून वाल्मिक उभा होता, खिडकीतून जागेवर रुमाल टाकलेला, आणि तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. पण ते कुठे ठेवावं ते त्याला कळत नव्हतं. ती गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचली.

"किती हाका मारायच्या," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"हां. कलकलाट लय हाय." त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला वर चढू दिलं. मग तो तिकिटाचे सुटे पैसे मोजायला लागला, आणि परत ते नाव त्याच्या तोंडी येणार नाही हे तिला तेव्हाच कळलं. कसं येणार? एकदा जीभ दातात धरून त्याने अनिता लिहिलं होतं, ते तिने घेतलं. आज एवढ्या माणसांत दोनदा मारलेली हाक मात्र तिने घेतली नाही.

खिडकीकडची जागा तिच्यासाठी होती. कंडक्टरने दोरी ओढली, गाडी हलली. उद्या कागद आदेशकडे द्यायचा, तो पाठवेल, आणि आठवड्याभरात खातं उघडेल. खिडकीतून रसाची गाडी दिसत होती, तिच्या शेजारचा खांबही. गाडी स्टँडच्या फाटकातून वळेपर्यंत अनिता मान मागे करून त्या खांबाकडे बघत राहिली. तिथे आता कुणी नव्हतं.